पानफुटीचं आंबट पान



संयोजकांनी बोलावलं तेव्हा विषय सुचवला होता, 'वनस्पतींचं जैवरसायनशास्त्र, सर्वांना समजेल असं'. तासाभरात एवढं सगळं सांगायचं म्हणजे नुसती नावं वाचून दाखवावी लागली असती. म्हणून मी विषय छाटत छाटत एका पानापर्यंत आणला. मग त्या पानातल्या एका विकरापर्यंत. आणि शेवटी त्या विकराच्या टोकाला रोज रात्री चिकटणाऱ्या आणि सकाळी निघून जाणाऱ्या एका फॉस्फेटपर्यंत. विकर म्हणजे एन्झाईम. मराठी माध्यमात शिकलेल्यांना शब्द आठवत असेल, बाकीच्यांनी आता लिहून घ्यावा.

हाच विषय का, तेही सांगते. गेली काही वर्षं एक निरोप फिरतो आहे. आधी इ-मेलवर यायचा, आता व्हॉट्सॲपवर येतो. पिंपळ, तुळस आणि हल्ली त्यात भर पडलेला स्नेक प्लँट ही झाडं म्हणे रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतात. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पिंपळाला पार बांधला. आणि आता विज्ञानानेही हे मान्य केलं आहे. या शेवटच्या वाक्याच्या पुष्ट्यर्थ खाली एक शास्त्रीय शब्द असतो, 'कॅम'. आपल्या मंचावरच्या दोन-तीन जणांनी हा निरोप मला पाठवून विचारलं, की यात तथ्य किती? नुसतं 'नाही' म्हणून सोडून देता आलं असतं. पण तो शब्द खरा आहे. कॅम नावाची गोष्ट आहे, वनस्पती ती रात्री करतात, आणि माझ्या आवडीचं विकर नेमकं तिथेच काम करतं. चुकीच्या दाव्याखाली खऱ्या शास्त्राची सही असली की उत्तर जरा लांबतं.

तर सुरुवात पानफुटीपासून. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पानफुटीचं पान वहीत दाबून ठेवलेलं असेल. पानाच्या कडेच्या खाचांतून इवलीशी रोपं फुटतात, म्हणून पानफुटी. ही आपल्या परसात इतकी मुरली आहे की तिला कोणी परकी म्हणणार नाही, पण ती मूळची मादागास्करची. म्हणजे तीही आपल्यासारखीच, कुठून तरी येऊन राहिलेली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंजामिन हाइन नावाचा एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याच्या बागेत पानफुटी होती आणि त्याला पानं चावून बघायची सवय होती. १८१३ साली त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीला एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की हे पान भल्या सकाळी चाखलं तर चुक्यासारखं आंबट लागतं, दुपारपर्यंत त्याला चवच उरत नाही, आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होतं. पत्र दोन वर्षांनी छापून आलं. हजारो लोकांच्या अंगणात ते झाड होतं, पण एकच पान दिवसातून तीनदा खाऊन बघावं आणि तिन्ही वेळची चव टिपून ठेवावी हे त्याला सुचलं. मला या माणसाचं फार कौतुक आहे.

हे आंबट काय असतं? मुख्यतः मॅलिक आम्ल. कच्च्या सफरचंदात असतं तेच. आणि ज्यांचं लहानपण हरभऱ्याच्या शेताजवळ गेलं आहे त्यांना ते आणखी एका वाटेने माहीत आहे: पहाटे हरभऱ्यावर फडकं फिरवून जी आंब गोळा करतात, तिच्यातही मॅलिक आम्ल असतं. मात्र हरभरा ते पानाबाहेर सोडतो, आणि पानफुटी ते पेशीच्या आत एका मोठ्या थैलीत साठवते. त्या थैलीला रिक्तिका म्हणतात.

साठवते कशासाठी? झाडाला साखर करायला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, पर्णरंध्रांतून, आत येतो. पण छिद्र उघडलं की आतलं पाणी बाहेर जातं. गव्हा-भातासारखी झाडं उन्हात छिद्रं उघडून बसतात आणि भरपूर पाणी गमावतात. पाठ्यपुस्तकांतला ढोबळ हिशोब असा, की एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला या झाडांना ४०० ते ५०० ग्रॅम पाणी मोजावं लागतं. मका, ज्वारी, ऊस यांना २५० ते ३००. पानफुटीच्या जातीच्या झाडांना फक्त ५० ते १००. कारण ही झाडं दिवसा खिडक्या बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री ऊन नाही म्हणून साखर करता येत नाही, म्हणून आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लात बांधून थैलीत ठेवायचा. सकाळी खिडक्या लावून घ्यायच्या, थैलीतलं आम्ल बाहेर काढून त्यातला कार्बन डायऑक्साइड मोकळा करायचा आणि उन्हाच्या शक्तीवर त्याची साखर करायची. हाइनला सकाळी लागलेला आंबटपणा म्हणजे रात्रभराची शिल्लक होती, आणि दुपारपर्यंत ती खर्च झालेली होती. पानफुटीच्या कुळाचं नाव क्रॅस्युलेसी. त्यावरून या पद्धतीला क्रॅस्युलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम म्हणतात, त्याचं लघुरूप कॅम. अननस, निवडुंग, घायपात, ड्रॅगन फ्रूट ही सगळी याच पद्धतीची. स्नेक प्लँटसुद्धा.

आता त्या निरोपाचं उत्तर इथेच देऊन टाकते. कॅम झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात, हे खरं. त्यावरून कोणीतरी मनाने पुढचं वाक्य जोडलं, की मग प्राणवायू सोडतही असतील. पण झाड प्राणवायू सोडतं तो कार्बन डायऑक्साइडमधला नसतोच. तो पाण्याचा रेणू फोडून निघतो. १९४१ साली रूबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजन वापरून हे दाखवलं. पाणी फोडायला प्रकाश लागतो. रात्री प्रकाश नाही, म्हणून पाणी फुटत नाही, म्हणून प्राणवायू नाही. उलट रात्री पानफुटी आपल्यासारखीच श्वसन करते आणि प्राणवायू खर्च करते. तुळस तर कॅम वनस्पतीच नाही. पिंपळाला कोणी कॅममध्ये बसवू बघितलं तरी रात्रीच्या प्राणवायूच्या बाबतीत काडीचा फरक पडत नाही. याच निरोपात कधीकधी 'नासा'चं नाव येतं. नासासाठी १९८९ साली झालेला तो अभ्यास बंद पेटीतल्या हवेतून बेंझीनसारखी रसायनं कुंड्यांमुळे कमी होतात का, यावर होता. रात्रीच्या प्राणवायूशी त्याचा संबंध नाही. पिंपळाचा पार बांधला तो सावलीसाठी आणि चार माणसं एकत्र बसावीत म्हणून. मला ही कारणं पुरेशी वाटतात, त्यांना प्राणवायूचा टेकू लागत नाही.

डॉक्टर मंडळी बसली आहेत म्हणून जाता जाता आणखी एक. पानफुटीचं पान मुतखड्यावर खायला सांगतात. या वनस्पतींमध्ये बुफाडायेनोलाइड नावाची द्रव्यं असतात. हृदयावर त्यांचा परिणाम डिजिटॅलिसच्या जातीचा असतो, आणि ऑस्ट्रेलियात ही झाडं खाऊन गुरं मेलेली आहेत. तेव्हा हाइनचा प्रयोग तोंडाने करू नका.

आता मुख्य गोष्ट. रात्री कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवण्याचं काम जे विकर करतं त्याचं नाव फॉस्फोइनॉलपायरुवेट कार्बोक्झिलेज. एवढं नाव रोज कोण घेणार? प्रयोगशाळेत त्याला सगळे 'पेप-सी' म्हणतात. शीतपेयाशी संबंध नाही, पण नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात हसू येतंच.

या पेप-सीपुढे एक अडचण आहे. त्याने केलेल्या कामातून शेवटी मॅलेट तयार होतं, मॅलेट म्हणजे तेच मॅलिक आम्ल. आणि मॅलेट साचलं की ते पेप-सीलाच चिकटून त्याला थांबवतं. पिठाच्या गिरणीत पिठाचे डबे दारापर्यंत लागले की गिरणीवाला चक्की थांबवतो, तसं. जीवसृष्टीत ही व्यवस्था सर्रास दिसते आणि ती शहाणपणाचीच आहे, नाहीतर पेशी एकच वस्तू बनवत बसेल. पण पानफुटीचा तर उद्देशच रात्रभर आम्ल साठवण्याचा आहे. थोडंसं मॅलेट होताच विकर बंद पडलं तर सगळीच पद्धत कोलमडेल. बरं, विकर कधीच बंद पडणार नाही असं केलं तरी पंचाईत. दिवसा थैलीतून मॅलेट बाहेर येतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि पेप-सी जागं असेल तर ते तो पुन्हा पकडून परत मॅलेट करेल. एका हाताने सोडायचं आणि दुसऱ्या हाताने बांधायचं, शक्ती वाया. म्हणजे विकर रात्री मॅलेटला न जुमानणारं हवं आणि दिवसा मॅलेटला बिचकणारं हवं. विकर मात्र तेच आहे. पेशीत त्याचं प्रमाण दिवसा आणि रात्री सारखंच असतं, हे मोजलेलं आहे.

१९८०च्या दशकात ग्लासगो विद्यापीठात ह्यू निमो, जिलियन निमो, फ्यूसन आणि विल्किन्स यांनी हे कोडं हातात घेतलं. त्यांचं झाड म्हणजे पानफुटीची सख्खी बहीण, ब्रायोफायलम फेडश्चेंकोई. त्यांनी दिवसा तोडलेल्या आणि रात्री तोडलेल्या पानांतून पेप-सी काढून दोघांची मॅलेटपुढे परीक्षा घेतली. दिवसाचं विकर लिटरमागे सुमारे ०.३ मिलिमोल मॅलेटने दबायचं. रात्रीचं विकर दबायला सुमारे ३ मिलिमोल लागायचं. दहापट फरक. आणि हा फरक पानातून विकर वेगळं काढल्यावरही टिकून राहायचा. म्हणजे तो आजूबाजूच्या रसायनांमुळे नव्हता, विकराच्याच अंगावर काहीतरी बदल झालेला होता. १९८४ साली त्यांनी हे छापलं. मग पानांना किरणोत्सारी फॉस्फरस पाजून पाहिलं, तर रात्रीच्या विकरात तो सापडला. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ असते. त्या माळेच्या सुरुवातीलाच असलेल्या सेरीन नावाच्या एका मण्याला फॉस्फेट चिकटलेलं होतं.

फॉस्फेट चिकटवून विकराची चालू-बंद अवस्था बदलते, ही कल्पना वनस्पतींमधून आलेली नाही. १९५५ साली सिॲटलमध्ये फिशर आणि क्रेब्स यांनी ती सशाच्या स्नायूंत शोधली. त्यांना नोबेल मिळालं १९९२ साली, म्हणजे ३७ वर्षांनी. शोध इतका साधा दिसत होता की त्याचा पसारा किती आहे हे कळायलाच तेवढा काळ गेला. आज कर्करोगावरची कित्येक औषधं फॉस्फेट चिकटवणाऱ्या विकरांवर, म्हणजे किनेजवर, नेम धरूनच बनवलेली आहेत. इमॅटिनिब हे नाव इथल्या अनेकांना माहीत असेल.

प्रमाण बघा. पेप-सीची एक साखळी सुमारे १ लाख १० हजार डाल्टन वजनाची. चिकटणारं फॉस्फेट ८० डाल्टनचं. हजारात एक भागसुद्धा नाही. पण त्याच्यावर ऋण भार असतो, आणि तो भार नेमक्या जागी आला की आजूबाजूची घडी बदलते आणि मॅलेटची पकड ढिली पडते. साखळीच्या दुसऱ्या कुठल्याही मण्याला ते चिकटलं असतं तर असं झालं नसतं.

माझ्या दृष्टीने खरी बहार पुढे आहे. फॉस्फेट चिकटवतं कोण? एक किनेज. काढतं कोण? एक फॉस्फटेज. दोघांपैकी तालावर कोण नाचतं? फॉस्फटेज जवळपास कायम हजर असतं. किनेज मात्र संध्याकाळनंतर उगवतं, रात्री भरात असतं आणि पहाटेनंतर नाहीसं होतं. नाहीसं होतं हे शब्दशः: पेशी ते मोडून टाकते आणि दुसऱ्या संध्याकाळी नव्याने बनवते. १९९९ साली ग्लासगोच्याच गटाने त्याचं जनुक शोधलं, तेव्हा ते अगदीच छोटं निघालं. सुमारे ३१ हजार डाल्टन. इतर किनेजना जी नियंत्रणाची अवजारं जोडलेली असतात, कॅल्शियमची मूठ किंवा आणखी काही, ती याला नाहीतच. याचं नियंत्रण एकाच मार्गाने होतं: ते आहे किंवा नाही. गिरणी जागच्या जागी तशीच, पण तिची किल्ली रोज संध्याकाळी नवी घडवायची आणि सकाळी वितळवायची. प्रचंड मोठं विकर रोज बनवणं आणि मोडणं पेशीला परवडलं नसतं. किल्ली परवडते.

आणि किल्ली घडवण्याची वेळ ठरवतं झाडाचं आतलं घड्याळ. पानफुटीचं पान तोडून कायम अंधारात, एकाच तापमानाला ठेवलं तरी किनेज काही दिवस आपल्या ठरलेल्या लयीत वरखाली होत राहतं. बाहेर सूर्य नाही, मुहूर्त सांगायला कोणी नाही, तरी. मात्र परिस्थितीचंही ते ऐकतं. रात्र फार गरम असेल तर किनेज लवकर ओसरतं आणि साठवण आखूड होते.

प्रयोगशाळेतली एक गंमत सांगते, कारण वाचताना हे सगळं सोपं वाटतं. पान वाटलं की पेशीतलं सगळं एकत्र होतं आणि फॉस्फटेज मोकाट सुटतं. तुम्ही फॉस्फेट मोजायला जाईपर्यंत त्याने ते उपटलेलं असतं. म्हणून पान तोडताक्षणी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं आणि वाटताना फॉस्फटेजला रोखणारी द्रव्यं घालायची. ही द्रव्यं म्हणजे विषंच. ओकॅडाइक आम्ल, ज्याने दूषित शिंपले खाणाऱ्यांची पोटं बिघडतात. मायक्रोसिस्टिन, जे तळ्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून येतं आणि यकृताला घातक असतं. दुसरी अडचण आणखी छुपी. वाटलेल्या पानातली प्रथिनं कुरतडणारी विकरं पेप-सीचं नेमकं सुरुवातीचं टोक खातात. टोक गेलं की सेरीन गेला, आणि विकर मॅलेटला आपसूकच कमी जुमानू लागतं. बघणाऱ्याला वाटावं, हे रात्रीचं रूप आहे. १९८९च्या सुमारास कायमोस्टॅटिन घालून ही कुरतड थांबवायला लागले तेव्हा मक्यावरच्या बऱ्याच जुन्या आकड्यांचा उलगडा झाला. रात्री दोन वाजता मंद हिरव्या दिव्यात पानं तोडायला माझे विद्यार्थी कुरकुरतात. त्यांना मी सांगते, विकराची पाळी आहे, आपली नाही.

आता मका आणि ज्वारी. या पिकांमध्येही पेप-सी आहे आणि तेही पहिला कार्बन डायऑक्साइड पकडतं, पण भर उन्हात. पानातल्या एका थरात पकडायचा आणि लगेच आतल्या थरात पोचवायचा. म्हणजे इथे मॅलेटची गर्दी दिवसा असते. मग फॉस्फेट कधी चिकटावं? बरोबर, दिवसा. ज्वारीच्या पेप-सीत आठव्या क्रमांकाच्या सेरीनवर, मक्याच्या पेप-सीत पंधराव्या. उजेड पडला की चिकटतं, अंधार झाला की निघतं. विकराचा प्रकार तोच, जागा तीच, किनेजही त्याच घराण्यातलं, आणि वेळ नेमकी उलटी. विकराच्या अंगात रात्र-दिवस काही लिहिलेलं नाही. किल्ली कधी घडवायची एवढंच बदललं. ज्वारीवरचं यातलं महत्त्वाचं काम पॅरिसजवळ ओर्से इथे झां व्हिदाल यांच्या गटाने केलं, आणि सोलापुरात जन्मलेल्या मला ज्वारीचं रसायन फ्रेंच लोकांच्या निबंधांतून वाचावं लागलं, हाही एक भाग आहेच.

इथपर्यंत गोष्ट फार सुबक झाली. म्हणून थोडी विस्कटते. १९९०च्या दशकात सगळ्यांनी धरून चाललं होतं की मक्या-ज्वारीत हे फॉस्फेट नसेल तर प्रकाशसंश्लेषण ढेपाळेल. पुनरावलोकनांत, पाठ्यपुस्तकांत तसंच असायचं. मग ऑस्ट्रेलियात फ्लेव्हेरिया नावाच्या, झेंडूच्या कुळातल्या आणि मक्याच्याच पद्धतीने चालणाऱ्या झाडात हे किनेज बंद पाडून पाहिलं. फॉस्फेट चिकटेना. आणि प्रकाशसंश्लेषण जवळपास होतं तसंच चाललं. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. तर्काने ज्याची गरज सिद्ध झाली होती त्याच्यावाचून झाडाचं विशेष अडलं नाही. याचा अर्थ त्या फॉस्फेटचा उपयोगच नाही असा घ्यायचा, की पेशीकडे तोल सांभाळायचे दुसरे मार्ग आहेत असा, यावर आमच्यात अजून वाद घालता येतो. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

पानफुटीच्या बहिणीत मात्र उलट झालं. लिव्हरपूलला जेम्स हार्टवेल यांच्या गटाने तिच्यातलं किनेज दाबून टाकलं, २०१७ साली निकाल छापला. रात्रीचं कार्बन डायऑक्साइड घेणं ६६ टक्क्यांपर्यंत घटलं. सकाळचं आम्ल कमी झालं. आणि कोणी अपेक्षिलं नव्हतं असंही एक घडलं: घड्याळाच्या मूळ जनुकांपैकी अनेकांची लय बिघडली. घड्याळ किल्लीला हुकूम देतं असं आपण धरलं होतं. आता दिसलं, की किल्ली काढून घेतली तर घड्याळही चुकतं. हुकूम एकाच दिशेने जात नाही.

याची मला काळजी वाटते ती एका वेगळ्या कारणासाठी. दुष्काळात तगणारी पिकं हवी आहेत, यात कोणाचं दुमत नाही. २०१२पासून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पैशावर, नेवाडा विद्यापीठाच्या पुढाकाराने, पॉप्लरसारख्या झाडात कॅम बसवण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. काम गंभीर आहे, करणारे लोक अभ्यासू आहेत. पण त्याचं वर्णन बाहेर येताना असं येतं, की निवडुंगातलं जनुक काढायचं आणि गव्हात घालायचं, झालं. जनुकबदलाची पिकं विकणारे असंच बोलतात आणि त्यांना विरोध करणारेही असंच बोलतात. दोघांचाही समज एकच, की जनुक घातलं म्हणजे गुण आला. पेप-सीचं जनुक गव्हात आहेच. भातात आहे, पालकात आहे, प्रत्येक हिरव्या झाडात आहे. किनेजचंही आहे. पानफुटीकडे यातली वस्तू कमी-जास्त आहे, पण मुख्य म्हणजे तिच्याकडे ती वस्तू कोणत्या वेळी चालू, कोणत्या वेळी बंद, याची शिस्त आहे. शिवाय जाड पानं, मोठ्या थैल्या, रात्री उघडणाऱ्या खिडक्या, पिठाच्या साठ्याचा दिवस-रात्रीचा हिशोब. हे सगळं एकाच वेळी न जमलं तर दिवसाही अर्धपोटी आणि रात्रीही अर्धपोटी असं झाड हाती येईल. जमणार नाही असं मी म्हणत नाही. निसर्गात कॅम स्वतंत्रपणे अनेकदा उगम पावलेलं आहे, म्हणजे वाट आहे. पण 'पुढच्या पाच वर्षांत' असं कोणी म्हणालं तर खिशावर हात ठेवा.

दरम्यान आपल्याकडे सांगली-सोलापूरच्या कोरड्या तालुक्यांत शेतकऱ्यांनी ड्रॅगन फ्रूट लावलं. गुजरात सरकारने २०२१ साली त्याचं नाव 'कमलम' ठेवलं, फळाला त्याचा पत्ता नाही. तयार कॅम वनस्पतीच लावायची, हा मार्ग निदान आजचा आहे. त्याच सोलापुरात ऊसही आहे. परवा कोणीतरी मला विचारलं, की ऊस तर मक्याच्या जातीचा, पाणी काटकसरीने वापरणारा, मग त्याच्यावर एवढा राग का? ग्रॅमच्या हिशोबाने ऊस काटकसरीच आहे. पण बारा ते अठरा महिने तो शेतात उभा असतो आणि तेवढा वेळ पाणी पितो. पेप-सीकडे बोट दाखवून उपयोग नाही, बोट कालव्याच्या वाटपाकडे दाखवावं लागेल, आणि ते माझ्या विषयाबाहेर असलं तरी मंचाच्या विषयाबाहेर नाही.

एवढं बोलून प्रश्नांकडे येऊ. त्याआधी एक. दाराजवळच्या टेबलावर मी पानफुटीच्या आठ-दहा कुंड्या आणि आम्लता मोजायच्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांनी एकेक न्यावी. कुंडी दिवसा भरपूर उजेडात आणि रात्री गार खिडकीत ठेवा. संध्याकाळी सहाला एक पान तोडून खलात चेचा, रसात पट्टी बुडवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत दुसऱ्या पानाचं तेच करा. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या की सकाळची जास्त तांबूस दिसेल. पानं मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. उरलेलं पान ओल्या मातीवर नुसतं टाकून दिलं तरी चालेल, पुढच्या सभेपर्यंत त्याला रोपं फुटलेली असतील.